वारं कसं हाय, मामा?

पौषात सलग पाच दिवस आभाळ भरून राहिलं आणि धायरीत उरलेल्या कांद्यावर करपा पडायला लागला. उरलेल्या म्हणायचं, कारण धायरीत आता कांदा थोडा आणि इमारती फार. दोन इमारतींच्या मध्ये एक तुकडा, ओढ्याच्या अंगाला दुसरा, आणि ज्याच्या भावकीचं अजून जमत नाही म्हणून विकायचा राहिलाय तो तिसरा. या सगळ्या तुकड्यांवर बत्तीस वर्षं औषध मारलं ते हिंदुरावांनी. स्वतःची जमीन वीतभरही नव्हती. पण कोणत्या बांधाला साप आहे आणि कोणत्या मालकाची जीभ कडू आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं.

यंदा मात्र हातानेच दगा दिला. पाठीवर सोळा लिटरचा पंप, डाव्या हाताने दांडा हलवायचा, उजव्या हाताने नळी धरायची, हे काम ते झोपेतही करू शकले असते. पण दिवाळीनंतर उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. फवारा सरीवर पडायच्या ऐवजी शेजारच्या गवतावर पडायचा. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, "काका, आता औषधापासून लांब राहा." हिंदुराव म्हणाले, "कंच्या? तुमच्या का माझ्या?" बाई हसल्या नाहीत. घरी येईपर्यंत हिंदुरावांनाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

त्याच महिन्यात रावसाहेबांनी ड्रोन आणला. रावसाहेबांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. धायरीपासून खडकवासल्यापर्यंत कुणाला फवारणीचा माणूस हवा असला की निरोप त्यांच्याकडेच यायचा. सहा पंख्यांचं, दहा लिटरच्या टाकीचं ते यंत्र त्यांनी दुकानापुढे हार घालून ठेवलं होतं. एकराचा तुकडा ते दहा मिनिटांत उरकतं म्हणे. हिंदुरावांना तेवढ्याला अर्धा दिवस लागायचा. यंत्र शिकवायला कॅम्पातून उजैर नावाचा तरुण येणार होता. लग्नांत ड्रोन उडवून शूटिंग करण्यात त्याची चार वर्षं गेली होती, आता तो रीतसर शिकवायचा. शिकणाऱ्यांतला जो सगळ्यांत चांगला उडवेल, त्याला रावसाहेब कायमचं कामावर ठेवणार होते.

हिंदुराव पहिल्याच दिवशी धुतलेला सदरा घालून मैदानावर गेले. गळ्यात नेहमीचा पंचा होता. त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, तो सोड्यात उकळून पाहिला होता, उन्हात आठवडाभर टाकून पाहिला होता, पण औषधाचा वास काही जात नव्हता.

उजैरने शिकायचा छोटा ड्रोन जमिनीवर ठेवला. मोबाईलवर नकाशा बघून इथे उडवायला परवानगी आहे याची खात्री केली आणि बोलायला लागला.

"सगळ्यात आधी एक लक्षात ठेवा. ड्रोनची शेपूट कायम आपल्याकडे. पुढे पाठवायचा आणि तसाच, न वळवता, मागे आणायचा. तोंड आपल्याकडे केलंत की डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. नवा माणूस तिथेच फसतो. आणि घाबरलात, तर काहीच करू नका. अंगठे सोडून द्या. तो आहे तिथे थांबेल. माणूस घाबरून काहीतरी करायला जातो ना, तेव्हाच ड्रोन पडतो."

हिंदुरावांना हे पटलं. त्यांनी रिमोट हातात घेतला, ड्रोन वर नेला, सरळ पुढे पाठवला. मैदानाचं टोक आलं. आणि बत्तीस वर्षं सरीच्या टोकाला गेलं की बांधावर पाय देऊन वळायचं, ही अंगात मुरलेली सवय अंगठ्यात उतरली. त्यांनी ड्रोन वळवला. तोंड त्यांच्याकडे झालं. डावीकडे न्यायला गेले तर तो उजवीकडे सुटला, सावरायला गेले तर आणखी सुटला, आणि थेट रावसाहेबांच्या डोक्यावर आला. रावसाहेब दोन्ही हातांनी टोपी धरून खाली बसले. उजैरने रिमोट हिसकावून घेतला.

"काका, आत्ताच सांगितलं ना मी."

"टोकाला गेल्यावर माणूस वळतोच की."

"माणूस वळतो. हा माणूस नाहीये, काका."

शिकायला आलेली दोन पोरं फिदीफिदी हसली. ते चाललं असतं. पण मग उजैरची नजर हिंदुरावांच्या बोटांकडे गेली आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "काका, हात… राहू द्या. बसा तुम्ही." रावसाहेबांनीही धूळ झटकत री ओढली, "हिंदुराव, आता आराम करा." बत्तीस वर्षं ज्याने 'हिंदुराव, हात चालवा' याशिवाय दुसरं वाक्य उच्चारलं नव्हतं, त्याच्या तोंडचा आराम हिंदुरावांना फार लागला.

तेवढ्यात त्यांची सून शर्मिला डबा घेऊन आली. मुलगा संजय खराडीतल्या कंपन्यांच्या माणसांची ने-आण करणारी गाडी चालवायचा, आठवड्यातून चार दिवस तिकडेच असायचा. घरचं बाहेरचं सगळं शर्मिलाच बघायची. तिसरा शिकणारा कमी पडला म्हणून उजैर सहज बोलून गेला, "ताई, तुम्ही ट्राय करताय का?"

शर्मिलाने सासऱ्याकडे बघितलं. हिंदुराव म्हणाले, "बघ की. तुझी बोटं हालत न्हाईत."

तिने डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि ड्रोन वर नेला. माणसाच्या उंचीवर तो जो थांबला तो खुंटीला टांगल्यासारखा थांबला. उजैरने घड्याळात बघितलं. दोन मिनिटं झाली तरी तो तिथून हलला नव्हता.

"आधी कधी उडवलाय का?"

"न्हाई सर. नळाला पाणी बारीक येतं. कळशी भरंस्तवर नळी धरून उभं राहायची सवय हाय."

मग महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. भाकऱ्या झाल्या की शर्मिला फरशीवर खडूने सऱ्या आखायची आणि उलथनं हातात धरून सरीवरून पुढे न्यायची, तसंच मागे आणायची. यमुनाबाई म्हणायच्या, "माझ्या सासूनं मला उलथन्यानं मारलं. माझी सून ते उडवती. चांगलं हाय." पण शेजारणींना सांगताना त्यांचा आवाज दोन घरं ऐकू जायचा.

हिंदुरावांना काय वाटत होतं? खरं सांगायचं तर दोन्ही वाटत होतं. सुनेच्या हातात ते यंत्र बघून ऊर भरून यायचा, आणि त्याच उरात कुठेतरी जळायचंही. पण तिने त्यांना एक काम दिलं होतं, त्यामुळे जळणं दबून राहायचं. रोज सकाळी निघताना ती उंबऱ्यात थांबायची आणि विचारायची, "वारं कसं हाय, मामा?"

मग हिंदुराव तिला सांगायचे. नुसतं सांगायचे नाहीत, तुकड्यांवर घेऊन जायचे. कुंपणाच्या तारेला अडकलेलं प्लास्टिक कुठल्या अंगाला फडफडतंय ते दाखवायचे. चिमूटभर माती सोडायला लावायचे. "वारं फिरायच्या आधी घटकाभर एकदम थांबतं बघ. हातावरची लव बसती. नवा माणूस म्हणतो, झालं शांत, उरका आता. तितंच चुकतो." दोन इमारतींच्या मधल्या तुकड्यावर त्यांनी तिला मुद्दाम तीनदा नेलं. "दहाच्या पुढं टेकडी तापली की वारं सुटतं. इमारतीवर आपटतं आन् मधल्या फटीतनं वर चढतं. म्या लई खाल्लंय हितलं औषध." आणि बोलता बोलता, वारं फिरायला लागलं की, त्यांचा हात आपोआप गळ्याकडे जायचा आणि पंचा नाकावर यायचा. त्यांना स्वतःला ते कळायचंही नाही. शर्मिला मात्र हसायची. "मामा, तुमच्या आधी तुमचा पंचा बोलतो."

एकदा हिंदुरावांनी हेच उजैरला सांगायचा प्रयत्न केला. तो भला माणूस होता, पण घाईत होता. त्याने मोबाईल पुढे केला. "काका, ॲपवर बघा, वारा सात दाखवतोय. नॉर्मल आहे." पोरं पुन्हा हसली.

परीक्षेचा दिवस उजाडला तो नेमका त्या दोन इमारतींच्या मधल्या कांद्यावर. तिघांनी तुकड्याचा एकेक भाग फवारायचा. आदल्या दिवशी पाण्यावर झालं होतं, आज टाकीत खरं औषध. उशीर होत होत साडेनऊ वाजले. रावसाहेबांनी बांधावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि दुकानाच्या जाहिरातीसाठी मोबाईलवर सगळं टिपत होते. शर्मिलाने पंजाबी ड्रेसवर दुकानाचं हिरवं जाकीट घातलं होतं. हिंदुराव तिच्या मागे दोन पावलांवर, जिथून वारं नीट कळेल अशा जागी उभे राहिले.

"ओ हिंदुराव, बाजूला सरका. मधे येताय," रावसाहेब ओरडले.

हिंदुराव पाऊलभर सरकले.

"अजून. लांब व्हा की. तो पंचा दिसतोय चित्रात. जाहिरात करायचीय मला, श्राद्ध नाही."

सगळे हसले. हिंदुरावांना ते सोसलं असतं. पण शर्मिला वळली आणि हळूच म्हणाली, "मामा, जरा मागं हुता का? रावसाहेब म्हणत्यात."

ती घाबरलेली होती, बाकी काही नाही. हे हिंदुरावांना नंतर हजारदा कळलं. त्या क्षणी मात्र कानशिलं तापली. ते चालत चालत पार बांधाच्या टोकाला, बाभळीपाशी जाऊन उभे राहिले.

आधीच्या दोघांचं झालं. एकाची सरी चुकली, दुसऱ्याने ड्रोन आपटत उतरवला. शर्मिलाचा नंबर आला तेव्हा दहा वाजून गेले होते. टाकी भरेपर्यंत ती सगळ्यांच्या देखत पळत बांधाच्या टोकाला आली. कपाळावर घाम होता.

"वारं कसं हाय, मामा?"

वारं थांबलं होतं. तारेचं प्लास्टिक लोंबत होतं. हिंदुरावांच्या हातावरची लव बसली होती. टेकडीच्या बाजूने काय येतंय ते त्यांना अंगाने कळलं होतं. अर्धा तास थांब, एवढंच म्हणायचं होतं. रावसाहेब चिडले असते, पण ती म्हणाली असती तर उजैर थांबला असता.

हिंदुराव म्हणाले, "मला कशाला इचारतीस? तुझ्या सायबाच्या मोबाईलमधी लिवलेलं असंल की."

तिने ओढणीने कपाळ पुसलं. "सांगा की, मामा."

हिंदुरावांनी मान फिरवली. रावसाहेबांनी तिकडून हाक मारली आणि ती परत पळाली.

ड्रोन उठला. शेपूट तिच्याकडे, पुढे गेला, तसाच मागे आला. तिच्या भागातल्या अर्ध्या सऱ्या अशा फवारल्या गेल्या की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. अजून ओरडता आलं असतं. पण ओरडायला जीभ उचलेना, आणि हात तर काही केल्या हलत नाहीयेत असं त्यांना वाटत होतं. पंच्याचा जुना, कडवट वास तेवढा नाकात भरला होता.

मग वारं आलं. प्लास्टिक तारेवर ताठ झालं. फवाऱ्याचं पांढरं धुकं सरीवर पडायच्या ऐवजी तिरकं झालं, फटीत शिरलं आणि इमारतीच्या भिंतीला धरून वर चढलं. पहिला मजला, दुसरा, तिसरा. बाल्कन्यांत वाळत घातलेली तान्ह्या बाळाची दुपटी, बेडशिटं, कुणाचे सांडगे.

शर्मिलाने एकदा मान वळवून बांधाच्या टोकाकडे बघितलं. एकदाच. मग फवारा बंद केला आणि ड्रोन सरळ मागे आणून आखलेल्या गोलात असा उतरवला की पंखाला मातीसुद्धा लागली नाही. उजैरने शिकवलेलं एकूण एक तिने बरोबर केलं होतं.

वरून आरडाओरडा सुरू झाला. एक बाई खोकत होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कठड्याशी आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, आमच्या तुळशीवर करपा नव्हता. विचारायची पद्धत असते." रावसाहेबांनी खालून हात जोडले. दुपारपर्यंत हात जोडतच होते. सोसायटीच्या माणसांनी पोलिसांत जायची भाषा केली. शेवटी बाईंना डॉक्टरकडे नेऊन आणल्यावर आणि काही गंभीर नाही असं कळल्यावर ते एका कागदावर निभावलं. ज्या बाईने यंत्र चालवलं ती पुन्हा ते चालवणार नाही, असं रावसाहेबांनी लिहून दिलं.

कागदावर सही करून आल्यावर रावसाहेबांनी शर्मिलाला सगळ्यांसमोर विचारलं, "तुला कुणी सांगितलं वारं बरंय म्हणून?"

हिंदुराव चार हातांवर उभे होते. शर्मिला खाली ढेकळांकडे बघत होती.

"कुणी न्हाई. माझं मीच बघितलं," ती म्हणाली आणि जाकीट काढून घडी करून खुर्चीवर ठेवलं.

काम दुसऱ्या पोराला मिळालं, आपटत उतरवणाऱ्याला. शर्मिला वारज्यात एका कपड्यांच्या दुकानात लागली. दोन बस बदलून जायचं, दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या करायच्या. दुकानात बसायला मनाई होती. संध्याकाळी तिच्या पायांना सूज यायची. ती कुरकुरली नाही. घरात बोलत होती, हसतही होती, हिंदुरावांच्या चहात साखर कमी पडू देत नव्हती. फक्त सकाळी निघताना उंबऱ्यात थांबायची नाही. चेहऱ्याला रुमाल बांधायची, "जाते, मामा" म्हणायची आणि निघायची. हिंदुराव मात्र त्या वेळेला रोज अंगणात येऊन उभे राहत. वारं कसं आहे ते बघून ठेवत. न जाणो, विचारलंच तर.

चैत्रात एका दुपारी उजैर मोटरसायकलवर घरी आला. यमुनाबाईंनी खुर्ची दिली, तो खाली सतरंजीवरच बसला.

"काका, माफी मागायला आलोय. ॲप मोकळ्या मैदानावरचा वारा सांगतं. इमारतींच्या मधलं त्याला काय कळणार. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. रिस्पॉन्सिबिलिटी माझी होती, ताईंची नाही."

हिंदुराव पंच्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"सोमवारपासून नवीन बॅच आहे. दहा जण. पाच मुली आहेत. मी ठरवलंय, रिमोट हातात द्यायच्या आधी पहिला धडा वाऱ्याचा. आणि तो तुम्ही द्यायचा. रावसाहेबांशी बोललोय."

यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बत्तीस वर्सांनी इचारलं कुणीतरी," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

हिंदुराव म्हणाले, "माझ्या बदली शर्मिलाला घ्या की परत."

उजैरची मान खाली गेली. "त्या कागदावर नाव आहे, काका. रावसाहेब ऐकत नाहीत. मी दोनदा बोललो."

तो गेल्यावर हिंदुराव जागचे हलले नाहीत. अंधार पडायच्या सुमाराला शर्मिला आली. रुमाल सोडला, पायरीवर बसली आणि पायाच्या घोट्यांवर पाणी ओतायला लागली. सासूने आतूनच उजैरची बातमी सांगितली. "चांगलं झालं की," ती म्हणाली, आणि खरंच चांगलं वाटल्यासारखं म्हणाली.

तेव्हा हिंदुरावांना राहवेना. ते तिच्यापासून दोन पायऱ्या खाली, अंगणात उकिडवे बसले.

"शर्मिला, त्या दिशी वारं फिरणार हे मला ठावं हुतं. तू इचारलंस तवाच ठावं हुतं."

तिने तांब्या खाली ठेवला.

"मला म्हाईत हाय, मामा."

हिंदुरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हाईत हाय?"

"तुमचा पंचा नाकावर हुता." ती घोट्याकडे बघत बोलत होती, आवाज नेहमीचाच होता. "धुकं वर जाया लागलं तवा मी तुमच्याकडं बघितलं. समदी माणसं उघड्या तोंडानं उभी हुती. तुम्ही एकलेच नाक झाकून हुता."

हिंदुरावांचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. दोन महिने. दोन महिने या पोरीने हे पोटात ठेवून त्यांना चहा दिला होता, भाकरी वाढली होती, रावसाहेबांपुढे सगळं आपल्या डोक्यावर घेतलं होतं.

"रावसाहेबाला सांगायचं हुतंस," ते कसंबसं म्हणाले.

"काय सांगू? माझ्या सासऱ्यानं…" ती उठली, तांब्या उचलला. "मामा, त्या पोरींना नीट सांगा. मनात कायबी असलं तरी सांगा."

सोमवारी सकाळी ती रुमाल बांधून "जाते, मामा" म्हणाली आणि बसस्टॉपकडे गेली. हिंदुरावांनी पंचा खुंटीलाच राहू दिला आणि उघड्या गळ्याने मैदानावर गेले. उजैरने सगळ्यांना त्यांच्यापुढे उभं केलं. एक मुलगी पुढे आली, वही उघडून तिने पेन काढलं आणि विचारलं, "काका, आज वारं कसं आहे?"

हिंदुरावांनी सांगितलं. तारेवरचं प्लास्टिक सांगितलं, लव बसते ते सांगितलं, इमारतींच्या मधली फट सांगितली. ऊन चढलं, मुलांनी बाटल्यांतलं पाणी संपवलं, उजैरने दोनदा घड्याळ बघितलं, तरी ते सांगतच राहिले. कुणी विचारलं नव्हतं तेही त्यांनी सांगितलं.